बुधवारचं तेल

२ मे

अबूनांनी आज ही वही हातात ठेवली. पंधरा ऑगस्टला, प्रभूच्या आईच्या सणाला, आमच्या माउलीच्या देवळाची कहाणी सगळ्यांसमोर सांगायची आहे म्हणे, म्हणून ज्याला जे आठवतं त्याने ते लिहून आणायचं. "मिलादच्या आई, किल्ली तुमच्याकडे, तेव्हा सुरुवात तुमच्यापासून," असं गोड बोलले. मी म्हटलं, अबूना, मी चार वर्षं शाळेत गेले, त्यातलं एक मास्तरणीच्या कोंबड्या राखण्यात गेलं. ते हसले. नवीन पाद्री आहे, तरुण आहे, घरी बायको आणि तीन पोरं आहेत. अजून हसू येतं.

कहाणी एवढीशीच आहे, ती एकदाची लिहून टाकते. बकऱ्या चारणाऱ्या एकाला डोंगरावर ओकाच्या ढोलीत माउलीची तसबीर सापडली. गावाने ती खालच्या चर्चमध्ये आणून ठेवली, तर सकाळी परत ढोलीत. तेव्हा गावाने ओकाला लागूनच देऊळ बांधलं. पुरुषांनी दगड वर चढवले, बायकांनी चुन्यासाठी झऱ्यावरून घागरी वाहिल्या. मठाने काही दिलं नाही. बिशपांनी एक खिळा दिला नाही. तेव्हापासून गावच बघतं. छप्पर मातीचं होतं तोवर गावात किराणा विकणाऱ्या शलिताचा आजा दर पावसानंतर वर चढून त्यावर दगडी रूळ फिरवायचा. चुना बायकांनी लावला. दिवा आमच्या घराने ठेवला. तो कधी विझला नाही. टोळ आले, मोठा दुष्काळ पडला, अर्धं गाव मेलं, तरी माझ्या सासूबाईंच्या सासूने विझू दिला नाही. किल्ली तिच्याकडून सासूबाईंकडे आली, सासूबाईंकडून माझ्याकडे. संपली कहाणी.

बाकीची पानं कोरी आहेत. त्यांत मी आजचं लिहिणार. कोण येतं, कोण येत नाही, कोण काय बोलतं. म्हणजे उद्या कुणी खोटं बोललं तर तोंडावर मारता येईल.

५ मे

मे महिना माउलीचा, रोज संध्याकाळी वर जपमाळ. बायका येतात, जप करतात, पदर झटकतात आणि जातात. झाडायला कोण? मी. मेणाचे डाग खरवडायला कोण? मीच. पूर्वी सहाजणी यायच्या. मग एकेकीला गुडघेदुखी झाली. लोदीचे गुडघे तर मी तिला "मेणबत्ती सरळ लावायला डोळे लागतात" म्हटलं त्याच दिवशी दुखायला लागले.

मुनीराही येते. माझी धाकटी जाऊ. नवरा तिचा आफ्रिकेत दुकान चालवतो, ही इथे एकटी. दाराशी उभी राहते, आत येत नाही. नको येऊ. मिलादचे वडील गेले तेव्हा घरात माणसं मावत नव्हती, आणि कॉफी करायला ही बसली. मयताच्या कॉफीत हिने साखर घातली. साखर! लग्नासारखी! बिशपांच्या माणसाने घोट घेतला आणि पेला तसाच खाली ठेवला, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. म्हणे रडण्याच्या भरात डबा चुकला. माझा नवरा मेला होता, मला डबे चुकले नाहीत. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलत नाही.

१४ मे

शनिवारी दिव्याला तेल घालायचं राहिलं. शलिताच्या बकऱ्या देवळाच्या अंगणात शिरल्या, त्याच्याशी भांडण्यात दिवस गेला, मग डोकं दुखलं. आज पाच दिवसांनी आठवलं, पाहिलं तर पेला काठोकाठ. आमचं तेल असंच आहे. वरच्या रानातली झाडं, कोरडी जमीन, घट्ट तेल, जळता जळत नाही. वाटणीत मुनीराला झऱ्याकाठची झाडं गेली. पाणी पिऊन माजलेली झाडं, आणि तेल कडू. तिचं तेल दिव्यात घातलं तर माउली शिंकेल.

काल भर दुपारी उन्हात तिला वर जाताना पाहिलं, हातात पिशवी. रानभाजी खुडायला जात असेल. दर बुधवारी जाते. वेळ जात नाही माणसाचा.

२६ मे

अबूनांनी प्रार्थनेनंतर सगळ्यांना थांबवलं. म्हणाले, हे देऊळ गावाचं, कष्ट गावाचे, तर सणानंतर किल्ली पाळीपाळीने सगळ्या घरांकडे फिरावी. एकेक घर, एकेक महिना. "त्याने माणसं परत येतील," म्हणे.

मी म्हटलं, "किल्ली मी मेल्यावर घ्या, तीही बोटं उकलून."

शलिता म्हणाला, "अबूना, आत्ताच घ्या. मेल्यावर हिची बोटं आणखी घट्ट होतील." सगळे हसले.

तेवढ्यात दाराशी उभी असलेली मुनीरा बोलली, "किल्ली त्यांच्याकडेच राहू द्या अबूना. त्यांना दुसरं आहे काय?"

मला तिची शिफारस नको होती. वर ते "दुसरं आहे काय"! मिलाद कॅनडात आहे, रविवारी फोन करतो. रविवारी नाही तर सोमवारी. मी भर देवळात सांगितलं की दाराबाहेरच्या माणसांनी देवळातल्या गोष्टीत बोलू नये. अबूनांनी कपाळ चोळलं.

सणापर्यंत मुदत आहे. बघू कोण घेतं किल्ली.

८ जून

पाय मोडला. शलिताच्याच बकऱ्या परत अंगणात. त्यातली एक ओकाला गुंडाळलेले नवसाचे धागे चघळत होती. मी चप्पल काढून फेकली आणि दुसऱ्या पायावरून घसरले. शलिताने मला पाठीवर घालून खाली आणलं. त्याच्या बकऱ्या, त्याचीच पाठ. आभार मानायचा प्रश्नच येत नाही. वाटेत म्हणतो कसा, "तकला, तू जिभेएवढी जड असशील असं वाटलं नव्हतं."

मांडीपर्यंत प्लास्टर. किल्ली उशीखाली.

११ जून

अबूना आले. पहिलं वाक्य तब्येतीचं, दुसरं दिव्याचं. "किल्ली द्या, मी कुणाला तरी पाठवतो." मी म्हटलं, बंदोबस्त केलाय. कोण, विचारलं नाही. बरं झालं, कारण कुणीच नाही.

दिली असती तर परत आली नसती. आज एका आजारपणासाठी, उद्या पाळीपाळीने.

१९ जून

दिवा आता विझला असणार. कितीही घट्ट तेल असलं तरी. मी इथे पलंगावर आणि तिकडे माउली अंधारात. आमच्या घराने दुष्काळात विझू दिला नाही, तो माझ्या हातून विझला. हे कुणाला कळलं तर किल्ली जाईल, आणि ती जावीच असं म्हणतील.

संध्याकाळी शलिता रस्त्यावरून ओरडला, "तकला, रात्री खिडकीतून दिवा काय सुरेख दिसतो गं!"

टोचतोय मेला. त्याला कळलंय. गाढवासारखे दात काढून गेला. मी उशी दारावर फेकली, ती आता तिथेच पडली आहे, उचलणार कोण.

२७ जून

कुणीतरी रोज दारात जेवणाचं भांडं ठेवून जातं. मसुरीचा भात, भरलेले कोवळे भोपळे, कधी सूप. अबूनांची बायको असेल. मीठ घालायचं शिकवलं नाही तिला कुणी. खाते, काय करू.

५ जुलै

आणखी दोघीजणी म्हणाल्या, दिवा दिसतो. गावाने मिळून ठरवलंय मला छळायचं.

१७ जुलै

पाय सुजलाय. तरी लिहिते.

काल प्लास्टर कापलं. आज काठी घेऊन, बसत उठत, एकटी वर गेले. कुणाला बरोबर घेतलं नाही. विझलेला दिवा कुणी पाहण्याआधी मला पेटवायचा होता. कुलूप काढलं, दार ढकललं.

दिवा जळत होता.

पेला भरलेला. ज्योत सरळ. माउलीचा चेहरा पिवळा उजळलेला. मी मोडलेल्या पायासकट गुडघ्यावर बसले, दुखलं ते नंतर कळलं. माझ्यासारखीसाठी! किल्ली उशीखाली होती, मला सोडून कुणी आत जाऊ शकत नाही. माउलीने स्वतः ठेवला. माझी अब्रू तिने राखली. आयुष्यात मला कुणी काही राखून ठेवलं नव्हतं.

खाली येऊन अबूनांना सांगितलं. आधी त्यांनी मला खुर्ची दिली, मग पाणी.

"म्हणजे बंदोबस्त केला नव्हता?"

"नव्हता. म्हणूनच सांगतेय ना."

"नक्की किती दिवस झाले?"

"चाळीस." चाळीस म्हटलं की पाद्री माणूस भांडत नाही, त्यांच्या शास्त्रात सगळं चाळीसच दिवसांचं असतं.

मग ते माझ्याबरोबर वर आले. पेल्यात बोट बुडवलं, वास घेतला. "वात नवीन दिसते," म्हणाले.

मी म्हटलं, "जी तेल देते ती वात देणार नाही?"

२१ जुलै

अबूना म्हणाले होते, कुणाला सांगू नका. मी फक्त लोदीला सांगितलं.

आज खालच्या तीन गावांतून गाड्या आल्या. शलिताने घंटा एवढी वाजवली की दोर तुटला.

२९ जुलै

माणसं थांबत नाहीत. शहरातून बस येते. देवळाभोवती नवसाचे धागे गुंडाळून गुंडाळून दाराचं बिजागर अडकलं, मी कात्रीने कापलं तर एक बाई माझ्या अंगावर आली. तिला मी असं काही सुनावलं की तिने नवससुद्धा दुसरीकडे नेला असेल. सगळ्यांना तेल हवं. मी दिव्यात कापसाचे बोळे बुडवते आणि पिशवीत घालून देते, एका माणसाला एक. दिवसभर काढते, संध्याकाळी पेल्यात तळ दिसतो. कुलूप लावून उतरते. सकाळी पेला भरलेला! जितकं काढावं तितकं ती भरते. माझं स्वतःचं तेल मी आता नेतच नाही. कशाला, जिथे तीच घालते तिथे आपण लुडबुड करायची?

जिभेवर लावून पाहिलं. कडसर आहे, घशाला लागतं. स्वर्गातलं तेल गोड असेल असं कुणी सांगितलंय?

आणि गुडघे! गावातले सगळे गुडघे बरे झाले. लोदी झाडायला येते, तिची सून पाणी आणते, सगळ्या मला "तकलाताई" म्हणतात. शलिताने दुकानाबाहेर लिंबूपाणी मांडलं आणि बकऱ्या बांधून ठेवल्या. किल्ली पाळीपाळीने फिरवण्याचं नाव कुणी काढत नाही. कुणाची हिंमत आहे?

मुनीरा आली नाही. एवढी दुनिया आली, ही नाही. जळते.

३ ऑगस्ट

लोदीने बातमी आणली. मुनीराने शलिताच्या दुकानातून तेलाचा डबा घेतला. शलिताने विचारलं, तुझ्या घरचं काय झालं, तर म्हणे संपलं. स्वतःची झाडं असताना डब्यातलं तेल विकत घ्यायचं! आफ्रिकेतले पैसे असे उडतात. सासूबाई असत्या तर भिंतीवर डोकं आपटलं असतं. मी लोदीला म्हटलं, एकटी बाई वर्षाचं तेल ऑगस्टच्या आत खाऊन बसते, पोट आहे की विहीर? दोघी पोटभर हसलो.

५ ऑगस्ट

कहाणी गोळा करायला अबूनांनी आज सगळ्यांना ओकाखाली बसवलं. शहरातले लोकही बसले. म्हाताऱ्या नझीरा आजीला खुर्चीसकट उचलून आणलं. गावात सगळ्यात म्हातारी तीच, डोळे गेले, कान गेले, तोंड तेवढं राहिलं. अबूनांनी तिच्या कानात ओरडून विचारलं, "आजी, दुष्काळात दिवा कसा टिकला ते सांगा!"

"टिकला? कुठला दिवा? विझला होता."

मी म्हटलं, "आजी, दुसऱ्या कुठल्यातरी दिव्याचं सांगतेय."

"ह्याचंच. माझी आई सांगायची. टोळांनी सगळं खाल्लं, सैनिकांनी उरलेलं नेलं. देवळात तेलाचा रांजण होता. किल्लीवालीने दिवा विझवला आणि तेल पोरांना पाजलं. दर घरातल्या पोराला एकेक चमचा. माझ्या आईलाही. म्हणून तर मी आहे." मग हसली, दात नसलेली. "बरं झालं, माउलीला तेल लागत नाही. पोरांना लागतं."

किल्लीवाली म्हणजे माझ्याच घरातली! मी उभी राहून म्हटलं, म्हातारपणी माणूस वाटेल ते बोलतं, हिला सावलीत न्या. शहरातली एक बाई म्हणाली, "पण कहाणी छान आहे." मी तिला बोळा दिला नाही.

अबूना मात्र भराभर लिहून घेत होते.

घरी येताना सांगितलं त्यांनी: आठ तारखेला बिशपांकडचे फादर येणार. पेला भरतील, दाराला कुलूप, त्यावर लाख लावून मोहोर. सणाच्या सकाळी उघडायचं. आठवडाभर दिवा राहिला तर बिशप लिहून देतील. "मग तुमच्या घराकडून किल्ली कोण मागणार, मिलादच्या आई?" असं म्हणाले, पण चेहरा आनंदाचा नव्हता. ह्या माणसाला आनंद होत नाही.

६ ऑगस्ट

आज सकाळी दार उघडल्याबरोबर वास आला.

जिभेवर लावलं. परत लावलं. कडूही नाही, घट्टही नाही, काहीच नाही. पाण्यासारखं पातळ, मागून तळणीचा वास. हे तेल मी ओळखते. शलिताच्या दुकानातलं डब्यातलं, निम्मं सोयाबीन.

माउली शलिताच्या दुकानातून तेल आणत नाही.

आणि त्याआधीचं ते कडू, घशाला लागणारं. झऱ्याकाठचं.

बाहेर रांग लागली होती. मी दार आतून लावून घेतलं आणि बराच वेळ बाकावर बसले. बाहेर लोक म्हणत होते, तिला दर्शन होतंय.

संध्याकाळ

मी मुनीराकडे गेले. मिलादचे वडील गेल्यापासून पहिल्यांदा. दार वाजवलं नाही, काठीने ढकललं.

ती जेवत होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "या जाऊबाई. चमत्कार लवकर संपला वाटतं."

"किल्ली दाखव."

तिने गळ्यातल्या क्रूसाच्या दोऱ्याला लटकलेली किल्ली बाहेर काढली. माझ्याच किल्लीसारखी, तेच लोखंड, तोच वाकडा दात.

"कुणी दिली?"

"सासूबाईंनी. आजारी होत्या तेव्हा. म्हणाल्या, मोठी शनिवारी तेल घालेल. भांडणात असेल त्या शनिवारी विसरेल. तू बुधवारी जाऊन बघत जा, आणि तिला सांगू नकोस, भांडेल."

"मी कधी विसरले नाही!"

"बरं."

"बरं काय बरं? कधी विसरले?"

"जाऊबाई, बसा. पाय अजून बरा नाही तुमचा."

मी बसले नाही. सासूबाईंनी माझ्या पाठीमागे दुसरी किल्ली करून घेतली! मरताना माझा हात धरून म्हणाल्या होत्या, तकला, तुझ्यावर सोपवते. हात माझा धरला आणि किल्ली दोघींना दिली.

मी विचारलं, "चमत्कार चमत्कार म्हणून गाव नाचतंय, तेव्हा तोंड का उघडलं नाहीस?"

"मजा बघत होते. तुमच्या तोंडून देवाचं चांगलं ऐकायची सवय नाही." मग ताटाकडे बघत म्हणाली, "आणि त्या रांगेतल्या बायकांना बोळे देताना तुम्ही हसत होतात. एकदा. मी ओकाच्या मागे होते."

"आणि वर्षाचं तेल घालवून बसलीस."

"तुम्ही बोळे वाटत होतात, मी काय करणार? दिवा विझला असता तर आधी तुम्ही लोदीचा जीव घेतला असता."

मग तिने अगदी शांतपणे, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं, "आठ तारखेचं मी बघून ठेवलंय. खाली चर्चच्या कपाटात जुना मोठा पेला आहे, सणाचा. तो लावा. त्यात आठवडा सहज निघतो. फादरांना काय कळतंय छोटा कुठला नि मोठा कुठला? किल्ली तुमच्याकडे राहील, कायमची. मी माझी विहिरीत टाकते."

एवढं बोलून ती परत जेवायला लागली. समोरच्या ताटात मसुरीचा भात होता. मी एक घास उचलून खाल्ला, का ते माहीत नाही. मीठ नव्हतं.

मी काठी टेकत घरी आले.

७ ऑगस्ट

मोठा पेला कपाटात आहे. जाऊन पाहिला. काच स्वच्छ पुसलेली आहे.

आठवडा निघेल. कुणाला कळणार नाही. देवळाच्या कहाणीत बिशपांच्या सहीने माझं नाव राहील: तकला, जिच्या हातात दिवा आपोआप जळला. मिलादला पाठवता येईल. तो म्हणतो, आई, तू त्या डोंगरावर काय धरून बसलीस? त्याला कागद दाखवता येईल.

आणि दिव्यात शलिताचं सोयाबीन! सासूबाईंच्या सासूने पोरांना पाजण्यासाठी दिवा विझवला, आणि मी बिशपांना फसवण्यासाठी निम्म्या सोयाबीनवर पेटवून ठेवू? माझ्या घराचं नाव दुकानाच्या डब्यावर? थू.

ती मुनीरा मला किल्ली दान करते. विहिरीत टाकते म्हणे. कुणी सांगितलंय तिला माझ्यावर उपकार करायला? आधी साखर, आता हे.

८ ऑगस्ट

फादर आले. काळी गाडी, चकचकीत बूट, बरोबर लाखेची कांडी आणि मोहोर. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. अबूनांनी माझ्या हातात तेलाची बाटली दिली, म्हणाले, भरा. पेला छोटाच होता.

मी बाटली परत दिली.

"भरून उपयोग नाही. पाच दिवसांत विझेल," मी म्हटलं. "इथे चमत्कार वगैरे काही नाही. तेल माझी जाऊ घालते. तिच्याकडे दुसरी किल्ली आहे. कडू तेल तिच्या झाडांचं होतं, ते तुम्ही लोकांनी बोळ्यांनी संपवलं, आता शलिताच्या दुकानातलं चालू आहे. घरी जा."

कुणी हललं नाही. फादर म्हणाले, "बाई, पण चाळीस दिवस..."

"चाळीस मी म्हटलं. कुणी मोजले होते?"

मग आवाज सुरू झाला. शहरातली एक बाई रडायला लागली, तिच्या पोराच्या कानात तिने तेल घातलं होतं. शलिता ओरडला, "तकला, तुझं घर बसो, सणापर्यंत तरी थांबायचं!" तीन पोती लिंबं आणून बसला होता. लोदी म्हणाली, "मला वाटलंच होतं, हिच्यासाठी कशाला चमत्कार होईल." मी म्हटलं, "लोदी, ते मलाही वाटायला हवं होतं."

सगळ्यात चिडली ती मुनीरा. गर्दी फाडत आली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "सासूबाईंना शब्द दिला होता मी, कुणाला सांगणार नाही म्हणून! इतकी वर्षं पाळला. तुम्ही एका दमात मोडलात! तुमच्या पोटात काही राहत नाही का?"

"माझ्या पोटात तुझा बिनमिठाचा भात आहे सव्वा महिन्याचा!" मी म्हटलं.

फादरांनी लाख परत खिशात घातली. अबूना भिंतीकडे तोंड करून उभे होते, खांदे हलत होते. रडत होते की हसत होते, कळलं नाही.

११ ऑगस्ट

बस बंद. अंगणात फक्त प्लास्टिकच्या पिशव्या आणि कापूस. दिवसभर वेचला. कुणी आलं नाही. सगळ्या गुडघ्यांना परत दुखणं लागलं. रस्त्यात माणसं मला टाळून जातात.

१५ ऑगस्ट

सण. गावापुरतीच माणसं होती, तीही तोंडं पाडून. हरीसेचा हंडा मात्र दरवर्षीसारखा चढला. गहू आणि मांस घोटायला लाकडी दांडा लागतो, एका माणसाचा हात भरून येतो, मग दुसऱ्याने घ्यायचा. माझ्याकडून दांडा कुणी घेईना. हात भरून आला तरी मी सोडला नाही. शेवटी शलिताने हिसकावला. "सोड, करपवशील. बकऱ्यासुद्धा खाणार नाहीत मग." एवढंच बोलला.

अबूनांनी कहाणी वाचली. ढोलीतली तसबीर, घागरी, दगडी रूळ. मग म्हणाले, दुष्काळात ह्या देवळाचा दिवा विझला, कारण किल्लीवालीने तेल गावच्या पोरांना दिलं. नझीरा आजी मोठ्याने म्हणाली, "तेच तर मी सांगत होते, ती तकला ऐकेल तर!" माझं नाव कुठेच नव्हतं. मुनीराचंही नव्हतं. आमच्या घराचंही नाही, नुसतं "किल्लीवाली". मला राग आला. मग लक्षात आलं की ज्यांना तेल पाजलं त्यांचीही नावं नव्हती, आणि त्यांचीच पोरंनातवंडं इथे बसली होती, हरीसे खात.

जेवणं झाल्यावर मी किल्ली अबूनांसमोर टेबलावर ठेवली. "घ्या. पाळीपाळीने द्या."

अबूनांनी विचारलं, "कोण घेतं? पहिला महिना?"

सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. चमत्काराची किल्ली सगळ्यांना हवी होती. झाडूची कुणालाच नको.

मुनीरा दाराशी नाही, पहिल्यांदाच आत बसली होती. ती म्हणाली, "माझ्याकडे आहे माझी. ती उचला जाऊबाई, ताट ठेवायला जागा लागते."

मी म्हटलं, "शनिवार माझा."

"बुधवार माझा आहेच."

"बुधवारी झाडूही मारायचा. नुसतं तेल ओतून पळायचं नाही."

"आणि शनिवारी तुम्ही भांडायला गेलात तर?"

"तेव्हा बघू."

मग तिने कॉफी आणली. माझा पेला समोर ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी घोट घेतला. कडू जहर, साखरेचा दाणा नाही. सणाच्या दिवशी! हिला कुठे साखर घालायची आणि कुठे नाही हे कधी कळणार आहे?

प्यायले.

१९ ऑगस्ट

बुधवार. दुपारी ती पिशवी घेऊन वर गेली. मी मागून जाऊन खिडकीतून पाहिलं. झाडू मारला, कोपरे सोडले. दिव्यात ओतलं ते तेच शलिताचं सोयाबीन. ज्योत काळी, माउलीच्या नाकावर काजळी.

हे चालणार नाही. नवीन तेल निघायला अजून दोन महिने आहेत. माझ्या वरच्या रानातल्या तेलाचा एक डबा उचलला आणि तिच्या उंबऱ्यावर ठेवून आले. दार वाजवलं नाही. उगाच बोलावं लागलं असतं.

अर्धा डबा दिव्याला पुरतो. उरलेलं तिने जेवणात घातलं तर घालू दे. मिठाची पुडी पण ठेवली आहे शेजारी.